केंदूरची मॅनेजर

आमच्या सोसायटीत बॅग घेऊन निघालेल्या माणसाला लिफ्टमध्ये गाठून ‘कुठे?’ असं विचारायची पद्धत आहे. उत्तरात दुबई, बाली, निदान कूर्ग तरी यावं अशी अपेक्षा असते. मी ‘शिरूर आणि दौंड, चार दिवस’ म्हटल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी काळजीने विचारलं, “कोणी आजारी आहे का?”

त्यांचं चुकलं असंही नाही. पुण्याच्या माणसाला शिरूर म्हणजे नगरला जाताना लागतं ते आणि दौंड म्हणजे गाडी थांबते ते, एवढंच माहीत. तिथे उतरायचं असतं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नसतं, पण वसुधा मागे लागली. ही माझी बँकेतली मैत्रीण. निवृत्तीनंतर ती बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या एका संस्थेवर विश्वस्त म्हणून बसते. मी बँकेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली वीस कर्जतपासणीत. कर्ज काढून घेतलेली वस्तू जागेवर आहे की नाही हे जाऊन बघायचं आणि नसेल तर तसा शेरा मारायचा, हे माझं काम होतं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं सगळी शाखा म्हणायची. मीही म्हणायची.

“केंदूरच्या पाच बायकांना सणसवाडीत खानावळ काढायची आहे,” वसुधा म्हणाली. “गाळ्यासाठी मोठं कर्ज मागताहेत. मागच्या वेळी त्यांनी शेळ्यांसाठी घेतलं होतं. पाच शेळ्या जागेवर दिसल्या तर हे कर्ज द्यायचं, नाहीतर नाही, असं ठरलंय. तू जाऊन मोजून ये. आणि तुलनेला दौंडचा एक गट बघ. त्यांची फाइल अगदी स्वच्छ आहे.”

शेळ्या मोजायला निवृत्त अधिकारी कशाला हवी, असं मला वाटलं. पण घरी बसून तरी मी काय मोजत होते?

पहिला दिवस : केंदूर

संस्थेची फील्ड ऑफिसर दीपाली मला शिक्रापूरच्या चौकात स्कूटर घेऊन भेटली. सव्वीस वर्षांची, चेहऱ्याभोवती घट्ट स्कार्फ, आणि खड्डा दिसला की वेग वाढवायची सवय. केंदूरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. दोन्ही बाजूंना कांदा आणि मध्ये आम्ही दोघी स्कूटर ढकलत.

“लवकर चला मॅडम,” दीपाली म्हणाली, “आठला मीटिंग आहे. उशीर झाला तर दंड असतो.”

“तपासणीला आलेल्या माणसालाही?”

“त्याला तर जास्तच.”

मीटिंग मंगलच्या ओसरीवर होती. मंगल गटाची प्रमुख, चाळिशीची, आवाज खणखणीत. सासरे पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी जायचे. आता घरची थोडी जमीन आहे आणि त्यात कांदा. तिच्या शेजारी सुरेखा बसली होती. ती मोठ्या बागायतदाराच्या घरातली, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, हिचं सोडून. बाकी तिघी खुरपी मांडीवर ठेवूनच बसल्या होत्या, कारण तपासणी उरकली की शेतावर जायचं होतं. या कर्जाला तारण लागत नाही. पाच जणी एकमेकींना जामीन राहतात. एकीचा हप्ता अडला तर उरलेल्या चौघींनी भरायचा आणि तो जमल्याशिवाय कोणी ओसरीवरून उठायचं नाही. आमच्या बँकेत जामीनदार सही करून जो गायब व्हायचा तो पुढे वकिलाकडेच भेटायचा.

“मॅडम, पंधरा मिन्टं लेट,” मंगल म्हणाली. “उखाणा घ्या.”

“अगं, मी आज्जी झालेय.”

“मंग तर पाठच आसंल.”

सगळ्या हसायला लागल्या. दीपालीने मदत करायची सोडून मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. बँकेत भल्याभल्यांना घाम फोडलेली मी, तिथे मलाच फुटला. शेवटी डोळे मिटून म्हटलं, “पासबुकाच्या पानावर निळी निळी शाई, श्रीधररावांच्या आधी मला निवृत्तीची घाई.”

“चालतंय,” सुरेखाने निकाल दिला. “पयल्या टायमाला आसंच व्हतं.”

मग शेळ्या. पहिल्यांदा मंगलची. काळीभोर, डावा कान पांढरा, नजर उर्मट. मी पर्समधलं ग्लुकोजचं बिस्किट दिलं, ते तिने कागदासकट खायचा प्रयत्न केला. दीपालीने मंगलचा शेळीबरोबर फोटो काढला. सुरेखाकडे आधी चहा. तो चहा काही केल्या उकळेना. सुरेखा मला भिंतीवरचा एकेक फोटो दाखवत होती: हा दीर, हा दिराचा ट्रॅक्टर. चहा झाल्यावर परसात शेळी. काळी, गळ्यात लाल रिबीन. फोटो. तिसऱ्या घरी पुन्हा चहा, पुन्हा उकळेना, पुन्हा भिंतीवरचे फोटो. मग गोठ्यात शेळी. हिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. मी फॉर्मवर ‘निरोगी’ असं लिहीत होते, तेवढ्यात शेळीने दाव्याला हिसका दिला, तरातरा माझ्याकडे आली आणि सरळ पर्समध्ये तोंड घातलं.

मी तिचा डावा कान पाहिला. पांढरा होता.

वीस वर्षांची माझी तयार नजर, आणि ओळखलं कोणी? शेळीने. घरमालकीण आढ्याकडे बघत होती, दीपाली मोबाइलकडे. चहा इतका वेळ का उकळतो ते मला आता कळलं. तोवर मागच्या बोळाने शेळीला पुढच्या घरी पोचवायचं असे. मी फॉर्म मिटून ठेवला. उरलेल्या दोन घरी नुसता चहा घेतला. तोपर्यंत शेळीला धाप लागली होती आणि मला पित्त झालं होतं.

मुक्काम मंगलकडेच होता. दिवेलागणीला हुलग्याची शेंगोळी झाली, लसणाचा असा ठसका की पित्त विसरले. समोर तिचे सासरे बसले होते, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. मेंढरं गेली तरी जनावरांचा विषय निघाला की आबांची पाठ ताठ होते.

“आबा,” मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “त्या पांढऱ्या कानाच्या शेळीचं नाव काय?”

“मॅनेजर.”

मंगलला ठसका लागला.

“मॅनेजर का?”

“तिच्याबिगर गावात कुनाचं कर्जच पास व्हत न्हाई,” आबा म्हणाले आणि शांतपणे जेवत राहिले.

मग मंगल पदराने हात पुसत म्हणाली, “मॅडम, लिवायचं ते लिवा. पर उद्या माझ्यासंगं सणसवाडीला चला, आन् मग लिवा.”

दुसरा दिवस : वढू, सणसवाडी

सकाळी वाकडी वाट करून आधी वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. शाळेच्या सहलीची बस आली होती, पोरं एरवी दंगा करतात पण इथे ओळीत उभी होती. मंगल डोकं टेकून बराच वेळ थांबली. काय मागितलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

सणसवाडीत मात्र गाव संपून देश सुरू होतो. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत पाच-पाच जण, दोरीवर कंपन्यांचे गणवेश आणि कानावर निदान चार भाषा. आमच्याकडे शेजारचा भाडेकरू कुठला हे कळायला वर्ष लागतं. मंगलला रस्त्याने चालताना प्रत्येक पोराचं गाव आणि पथ्य ठाऊक. “ह्यो बिहारचा, ह्येला वांगं चालतंय. त्यो ओडिशाचा, त्येला भाकरी द्या, रडतंय बगा.”

एका पडक्या शेडपाशी तिने कुलूप काढलं. आत भिंतीला लावून पातेली होती, मोठाली, एकात एक बसवलेली. दोन शेगड्या, परात, डब्यांच्या चवडी. एका पातेल्याला चांगला मुठीएवढा पोचा होता.

“ह्या आमच्या शेळ्या,” मंगल म्हणाली.

मी एका डब्यावर बसले. ती उभ्यानेच सांगत होती. “तवाच खानावळीसाठी पैसं मागितलं व्हतं. तर फॉर्मावर शेळी, म्हैस, शिलाई मशीन, यवढंच. पातेलं न्हाईच. मंग शेळीवर टिक केली. सगळ्यांनी मिळून येकच घेतली, फोटूपुरती. बाकीची ही भांडी. रोज आळीपाळीनं दोघी-दोघी येऊन रांधतो, डबं पोचवतो. हप्ता येक बी चुकला न्हाई, दीपालीताईला इचारा.”

दीपालीने मान हलवली. “सगळ्या तालुक्यात यांचाच गट कधी अडला नाही, मॅडम.”

“तुला शेळीचं माहीत होतं?”

“मला शेळीचा फोटो मागतात,” दीपाली म्हणाली. “किती शेळ्यांचा, ते कोणी विचारत नाही.” मग तिने जीभ चावली.

दुपारी मी तिथलं जेवले. भात, डाळ आणि चोखा, म्हणजे बिहारी भरीत. बिहारी पोरांनी मंगलला चोखा शिकवला आणि मंगलने त्यात गुपचूप कांदा-लसूण मसाला घातला. आता ती पोरं सुट्टीत गावी जाताना तो मसाला बांधून नेतात म्हणे. एक जण ताट पुढे करून म्हणाला, “आंटी, थोडा और तिखट.” मंगलने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तिचा मुलगा बोर्डात आला.

गोम पुढेच होती. शेडचा मालक जागा रिकामी करून मागत होता. कंपनीच्या गेटसमोरचा गाळा मोकळा झाला होता, पण त्याच्या मालकाने फक्त सोमवारपर्यंत मुदत दिली होती. नंतर तो मोबाइलच्या दुकानवाल्याला देणार. गाळा मिळाला तर पाच घरं त्यावर चालणार होती. सुरेखाच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष त्यातच होतं. नाही मिळाला तर पातेली केंदूरला परत आणि बायका खुरपायला.

“खरं लिवलं तर गाळा जाईल,” मंगल म्हणाली. “खोटं लिवा म्हनायला तोंड न्हाई. तवा तुमीच बगा.”

तिसरा दिवस : भीमेपलीकडे

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना पारगावजवळ भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. नदीच्या दोन्ही अंगांना ऊस, मधून मधून गुऱ्हाळांची धुराडी आणि हवेत उकळत्या रसाचा वास. एका गुऱ्हाळावर थांबून आम्ही ऊन ऊन गूळ खाल्ला. मी जीभ भाजून घेतली आणि तरी दुसरा खडा मागितला. दीपाली तोवर ऊसवाटेवर मोठ्याने गाणी लावून स्कूटर चालवायचं शास्त्र समजावत होती: आवाज असला की बिबट्या बाजूला होतो. तिची गाणी ऐकून मीही बाजूला झाले असते.

स्वच्छ फाइलवाला गट वस्तीवर आमची वाटच बघत होता. इथे फॉर्मावर शेळी लिहिली आणि बायकांनी खरंच पाच शेळ्या आणल्या. गटप्रमुख सीताबाईंनी आम्हाला गोठा दाखवला. गोठ्यात एकच शेळी होती.

“बाकीच्या?”

सीताबाईंनी कोनाड्यातून दोन घंटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. “दोन बिबट्यानं नेल्या. येकीची घंटा उसात गावली, येकीची बांधावर. दोन रोगानं गेल्या.”

“भरपाई?”

“अर्ज दिल्याला हाय. येईल तवा येईल.”

“मग हप्ते?”

“भरतोय की. गुऱ्हाळावर जातो, ऊस तोडाया जातो.” त्या हसल्या. “गेल्या शेळ्यांचं पैसं फेडतोय, म्हंजी बिबट्याची खानावळच चालीवतोय म्हना.”

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मग मला हसू येईना. त्यांना शेळी नकोच होती. सीताबाईंना गूळ भरायला डबे आणि लेबलं हवी होती, चांगला गूळ इथेच होतो आणि पुण्यात दुप्पट भावाने जातो हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. पण फॉर्मात गूळ नव्हता. फाइलमध्ये पाच शेळ्यांचे पाच वेगळे फोटो, पाच हिरव्या खुणा. अशी फाइल मी आयुष्यभर उत्तम म्हणून वरच्या साहेबांकडे पाठवली.

परतताना घंटा माझ्या हातातच राहून गेल्या होत्या, म्हणून मागे वळून द्यायला लागल्या. स्कूटरवर बसल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलेली एक बाई होती. मी तपासणीला गेले तर मशीन घरात नव्हतं. ती म्हणाली, बहिणीच्या पोरीचं लग्न आहे, चार दिवस कपडे शिवायला नेलंय. मी लिहिलं, ‘वस्तू जागेवर नाही’. तिचं पुढचं कर्ज अडलं. ती खरं बोलत होती की खोटं हे मी बघितलंच नाही, कारण ते बघायचा रकाना नव्हता. मला त्या ऊसवाटेवर फार लाज वाटली. दीपालीची गाणी चालू होती ते बरंच झालं.

चौथा दिवस : पुन्हा केंदूर

सकाळी आठला ओसरीवर पोचले, या वेळी वेळेवर. पाचही जणी होत्या. आबा खांबाला टेकून बसले होते आणि अंगणात मॅनेजर रवंथ करत होती. तिला सुट्टी होती.

मी म्हटलं, “मी खरं लिहिणार आहे. शेळी एक. पातेली सगळी मोजून. हप्ता एकही चुकला नाही. आणि फॉर्म बदला, असंही लिहिणार आहे.”

सुरेखाचा चेहरा पडला. “म्हंजी सोमवारी न्हाई व्हत.”

“सोमवारी नाही. पाच शेळ्या नाहीत म्हटल्यावर हे विश्वस्तांपुढे जाणार आणि त्यांची बैठक पंधरा दिवसांनी आहे. तिथे मी भांडेन.”

“गाळा पंधरा दिस ऱ्हातोय व्हय?” मंगल म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. मला वाटलं रडेल. ती उठली, अंगणात गेली आणि शेळीसमोर उभी राहिली.

“आबा, हिचं किती येतील?”

आबा दचकले. “मॅनेजरला इकायचं म्हनतीस?”

“आता मॅडम खरं लिवनार. मंग हिचं काम काय? हिला इकून गाळेवाल्याला बयाना देऊ, पंधरा दिस तर थांबंल.”

पाचही जणींनी माना हलवल्या. भागीदारीतली शेळी, पाच जणींनी मिळून ठरवलं, कोणी आवाज चढवला नाही. आमच्या सोसायटीत पाण्याचा पंप विकायला तीन सभा आणि एक पोलीस तक्रार लागली होती. आबा मात्र उठून शेळीच्या गळ्यातलं दावं उगाचच सैल करत बसले. ज्या माणसाने हजार मेंढरं विकली असतील त्याला हे एक दावं हातातून सोडवेना.

पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं आलं, मला माहीत नाही. “मी घेते,” मी म्हटलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग शेळीकडे.

“फ्लॅटमध्ये?” दीपालीने विचारलं.

“इथेच राहील. आबा सांभाळतील. दूध त्यांचं, पिल्लं निम्मी निम्मी.”

आबांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि लगेच व्यवहारावर आले. “बकरू झालं तर? बोकड आन् पाट, नर-मादीचा वाटा येगळा आसतोय.” त्यावर आमची अर्धा तास घासाघीस झाली. तेवढ्यात आबांनी मला दोनदा फसवलं, तिसऱ्यांदा माझ्याही लक्षात आलं. मी मोबाइलवरून मंगलला पैसे पाठवले. तारण नाही, जामीन नाही, कागद नाही. बँकेत असते तर मीच माझ्यावर चौकशी लावली असती.

दीपालीने माझा शेळीबरोबर फोटो काढला. फोटोत आम्ही दोघी सारख्याच उर्मट दिसतो.

पुणे

बैठकीत मी भांडले. वसुधा अहवाल वाचून म्हणाली, “तू तपासायला गेली होतीस की खरेदीला?” एका विश्वस्तांनी विचारलं, या बायकांनी संस्थेची फसवणूक केली त्याचं काय? मी म्हटलं, “फसवणूक केली, पण हप्ते भरले. दौंडच्या बायकांना आपण शेळ्या घ्यायला लावल्या, ती कोणाची फसवणूक?” बराच वेळ खाकरणं झालं. शेवटी कर्ज मंजूर झालं. नव्या फॉर्मवर आता ‘तुम्हाला काय हवं आहे?’ अशी एक रिकामी ओळ आहे. सीताबाईंनी त्यावर ‘डबे’ असं लिहिलं, आणि खाली ‘शेळी नको’ असंही.

गाळा उघडला त्या दिवशी मी जाऊन भात-डाळ-चोखा खाल्ला. पोचा आलेलं पातेलं सगळ्यात पुढे मांडलं होतं, हळदी-कुंकू लावून.

परवा मंगलचा फोटो आला. काळं पिल्लू, डावा कान पांढरा. खाली, ‘तुमची पाट झाली.’ फोटो चांगला होता. पण वीस वर्षांची सवय अशी जात नाही. मी मोठा करून पाहिला, मागची भिंत पाहिली. ती भिंत मंगलच्या घरची नव्हती. न राहवून मी फोन लावला.

“मंगल, पिल्लू नक्की माझंच ना?”

पलीकडून पाच जणींचं हसू आलं, त्यात आबांचं खोकणंही. “मॅडम,” मंगल म्हणाली, “लांबून कागूद बगून काय कळनार? बिस्किट घेऊन या आन् मॅनेजरला इचारा.”

तिसऱ्या मजल्यावरचे काका आज लिफ्टमध्ये भेटले. पिशवीतले ग्लुकोजचे पुडे बघून त्यांनी विचारलं, “कुठे?”

“केंदूरला,” मी म्हटलं. “घरी बाळ झालंय.”